घर रिकामं हवंय

दार वाजलं तेव्हा डिना पोरीला पाजायला बसली होती.

पोर्टलारिगसारख्या लहान बंदरगावात दार कुणी वाजवत नाही. लोक कडी उचलतात आणि "आहेस का गं घरात?" म्हणत थेट चुलीपर्यंत येतात. वाजवलेलं दार म्हणजे पोलीस, नाहीतर परका. डिनाने पोरीला तसंच खांद्यावर टाकलं, एका हाताने बटणं लावत दार उघडलं.

बाहेर डोंगरावरच्या इस्टेटीचा नवा कारभारी उभा होता. कॅरुथर्स नाव. दक्षिणेकडचा माणूस, गुळगुळीत गालांचा. टोपीच्या काठावरून पाणी गळत होतं आणि तो ते गळू देत होता.

"आत या ना," डिना म्हणाली.

"नको. बुटांना चिखल आहे."

"इथे कुणाच्या नसतो? या, चहा ठेवते."

"नको, खरंच. एवढंच सांगायचं होतं," तो म्हणाला. "नव्या मालकांना हरणांची शिकार बंद करायची आहे. अख्ख्या डोंगरावर झाडं लावणार आहेत ते. तेव्हा तुमच्या नवऱ्याचं काम या मोसमापुरतंच. आणि हे घर कामाबरोबरचं आहे, तुम्हाला माहीतच आहे. मार्टिनमासला, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, घर रिकामं हवंय."

अर्धवट सोडलेल्या पोरीने भोकाड पसरलं. डिनाच्या अंगातलं दूध थांबलं नाही, कापडातून ओला डाग पसरत गेला. कारभाऱ्याने नजर वर पन्हाळीकडे नेली.

"ही पन्हाळ गळतेय," तो म्हणाला. मग, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, "म्हणजे, आता राहू दे," म्हणाला आणि गाडीकडे गेला.

डिना पुन्हा चुलीपाशी येऊन बसली. पोर ओढू लागली. उभ्या उभ्या, पावसात, चहा न घेता, घटकाभर न बसता माणूस असं बोलूच कसा शकतो, हेच तिला आधी कळेना. त्याने काय सांगितलं ते मागाहून कळलं.

यूअन संध्याकाळी डोंगरावरून उतरला. गेली कित्येक वर्षं तो इस्टेटीच्या हरणांचा राखणदार होता. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना पोटावर सरपटत हरणांच्या जवळ न्यायचं, आणि त्यांचा नेम चुकला की वाऱ्याला दोष द्यायचा. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकून घेतलं. मोजे पिळले. मोजे पुन्हा पिळले.

"आत्याचं घर आहे की," तो म्हणाला.

"त्यात माणसं राहतात यूअन."

"भाडेकरू आहेत."

"भाडेकरू म्हणजे माणसं नव्हेत का?"

"मी कुठे तसं म्हटलं?" त्याने मोजे चुलीवरच्या दोरीला लावले. "पण सांगावं लागेल डिना. उन्हाळा संपायच्या आत. तीन महिने आधी सांगायचं असा कायदा आहे."

"मग तू सांग."

"घर तुझ्या नावावर आहे. घरमालकीण तू."

तो चिडवायला बोलला नव्हता, पण शब्द लागला. पोर्टलारिगमध्ये घरमालक हा शब्द लोक तोंडात केस आल्यासारखा उच्चारतात. वरच्या खोऱ्यातून डिनाच्या खापरपणजीला घरमालकानेच हाकललं होतं. छपराला आग लावली होती, कारण त्याला माणसांच्या जागी मेंढ्या हव्या होत्या. ती बाई पोटुशी होती आणि याच बंदराच्या दगडांवर बाळंत झाली, असं घरोघर सांगतात. निम्म्या गावाची खापरपणजी अशीच कुठल्या ना कुठल्या दगडावर बाळंत झालेली. आणि आता आत्या गेल्यावर तिचं बंदराकाठचं दोन खोल्या खाली, दोन खोल्या वरचं घर डिनाकडे आलं, ते तिने भाड्याने दिलं, आणि काही न करता डिना घरमालकीण झाली.

भाडेकरू लातव्हियाकडचे होते. रूता आणि तिचे वडील वाल्डिस. रूता बंदरावरच्या मासळीच्या शेडमध्ये झिंगे निवडायची. म्हाताऱ्याला इथली भाषा यायची नाही, पाच-दहा शब्द सोडले तर. पण हात असे होते की पडलेली खुंटी दिसली की ती आपोआप जागेवर जायची.

डिना ओटच्या भाकऱ्या कपड्यात बांधून, पोरीला पाठीशी घेऊन सांगायला गेली.

शेजारच्या भिंतीवर कोपरं टेकून ह्यूइना उभी होती. ह्यूइना तिथे नाही असा दिवस गावाने पाहिलेला नाही.

"काय गं पोरी, मालमत्ता बघायला आलीस?"

"भाकऱ्या आणल्यात मावशी."

"भाकऱ्या घेऊन येणारी मालकीण! बाई बाई. पूर्वी काडेपेटी घेऊन यायचे."

डिना हसली. हसायलाच हवं होतं. कडी उचलून आत गेली.

मग चहा झाला. पहिला कप नको म्हणायचा, मग घ्यायचा. हवेचं झालं, मासळीचं झालं, पोरीच्या दाताचं झालं. रूता कामावरून नुकतीच आली होती. मिठाच्या पाण्याने चिरलेली बोटं तिने कपाभोवती गुंडाळली होती. वाल्डिस कोपऱ्यात बसून पोरीकडे बघून भुवया नाचवत होता. पोर खदखदत होती.

असल्या गोष्टी कशा सांगायच्या हे डिनाला माहीत होतं. आई अशीच सांगायची, आत्या अशीच सांगायची. विषयाच्या भोवती फिरायचं, हळूहळू जवळ यायचं, आणि शेवटचं पाऊल समोरच्याने टाकायचं, म्हणजे त्याचा मान राहतो. गावातल्या कुणाला असं आडून म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी जागा शोधायला घेतली असती.

"यंदाचा हिवाळा," कप खाली ठेवत डिना म्हणाली, "या घरात कसा जाईल, काही सांगता येत नाही बघा."

रूताने बापाला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. खिडकीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. पुन्हा मान हलवली.

कळलं, असं डिनाला वाटलं. घरी जाताना पाठीवरची पोर हलकी लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्डिस चालत चालत इस्टेटीच्या घरी, डिनाकडे, आला. कडी उचलून, गावासारखा थेट आत. टोपी छातीशी धरली. मग हाताने जमीन कापल्यासारखं केलं, विटा उचलून रचल्यासारखं केलं, दोन्ही तळवे चुलीसमोर शेकले. "हिवाळा," तो आपल्या भाषेत नव्हे, इथल्या भाषेत म्हणाला. "थंड. मी. काम."

यूअन चमचा तोंडाजवळ धरून बघत राहिला. "याला पीटची पट्टी हवीय," तो म्हणाला. "आत्याची पट्टी. चुलीसाठी पीट कापायचंय त्याला."

गावामागच्या दलदलीत प्रत्येक चुलीची आपली एक पट्टी असते. वसंतात तिथली काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची, घराशी रास रचायची. ती हिवाळाभर जळते. आत्याच्या पट्टीला आत्या गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. आणि चुलीला पीट नको म्हणणारा माणूस पोर्टलारिगमध्ये अजून जन्मायचा होता. डिनाच्या तोंडून "घ्या की" कधी निघून गेलं, तिला कळलंच नाही.

"आता?" म्हातारा गेल्यावर यूअनने विचारलं.

"आता काय! नाही म्हणू? पीटला?"

यूअनने डोकं खाजवलं. त्यालाही ते म्हणता आलं नसतं.

पीट कापायला एकटा माणूस पुरत नाही. म्हणून शनिवारी सगळेच गेले. वरचा हिरवा थर यूअनने फावड्याने सोलून काढला. खालची काळी माती लोण्यासारखी चमकली. वाल्डिसने लोखंडी फाळ हातात घेतला, तोलून पाहिला, काहीतरी पुटपुटला आणि पायाने दाबला. पहिलीच वीट सरळ, ओली, चारी कोपऱ्यांची. यूअनच्या तोंडून शीळ निघाली.

"आमच्या गावी पण होतं हे," रूता म्हणाली. "बाबा लहान असताना."

म्हातारा कापत होता, यूअन खाली वाकून झेलत होता आणि काठावर फेकत होता. डिना आणि रूता त्या पसरून मांडत होत्या. ओल्या विटेचं वजन मनगटात उतरायचं. दुपारपर्यंत कंबर म्हणजे कुणीतरी आत खुंटी ठोकलीय असं झालं. वारा पडला तशी चिलटं उठली. कानात, पापण्यांत, केसांच्या मुळांशी. पोरीला टोपलीत झोपवून वर जाळी टाकली होती. तीच तेवढी सुखी होती.

ओटच्या भाकऱ्या, चीज आणि थर्मासमधला चहा घेऊन बायका एका बाजूला बसल्या. म्हातारा उभ्यानेच खात होता. फाळ त्याने हातातून ठेवलाच नव्हता. तो हसत होता. कशाला नाही, उगीच.

"दोन वर्षांत असे हसले नव्हते," रूता म्हणाली. "इथे आल्यापासून नुसते बसून असायचे. मला वाटायचं, मी यांना आणून चूक केली."

डिनाने चिलटं हाकलल्यासारखं केलं.

"आणि तुम्हाला एक सांगायचंय," रूता पुढे म्हणाली. "शेडचे मालक मला बंदरावरची खोली देत होते. दोघांना पुरेल अशी. भाडं कमी. मी विचारच करत होते. पण आता तुम्ही पट्टी दिलीत. बाबांना मी म्हटलं, आता कशाला हलायचं? उद्या त्यांना नाही म्हणून सांगते."

हीच वेळ होती. डिनाला ते स्वच्छ दिसलं, जसं धुकं फाटल्यावर समोरचं बेट दिसतं. आता एकच वाक्य. खोली घ्या. पण म्हातारा तिथे उभा होता, काळ्या हातांनी भाकरी खात, आणि माणूस जेवत असताना असलं काही बोलत नाहीत. शिवाय रूता तिच्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत.

"बंदरावरच्या खोल्या," डिना म्हणाली, "जरा दमटच असतात."

असं का म्हणाली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, आणि जिभेवर तेवढंच आलं. रूताने मान हलवली. "हो ना? मलाही तेच वाटलं."

पोर जागी झाली. डिनाने तिला उचललं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली. पोर ओढत राहिली, आणि डिनाला वाटत राहिलं की ही दुधाबरोबर आणखी काहीतरी ओढून घेतेय.

पीट वाळलं. विटा उभ्या केल्या, पुन्हा वाळल्या, ट्रॅक्टरने खाली आणल्या. वाल्डिसने घराच्या भिंतीशी रास रचली. बाहेरच्या विटा तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या, पाऊस ओघळून जाईल अशा. गावातले म्हातारे मुद्दाम त्या बाजूने चालत गेले आणि कुणी काही बोललं नाही. याचा अर्थ त्यांना ती आवडली.

ह्यूइना मात्र बोलली.

"पट्टी दिलीस?"

"मागितली म्हणून दिली मावशी."

"रासही रचू दिलीस."

"मग काय उघड्यावर ठेवायची?"

ह्यूइनाने कोपरं बदलली. "पोरी, तुझ्या आत्याची रास भिंतीशी लागली की अख्ख्या गावाला कळायचं की ही बाई या हिवाळ्यात इथेच आहे. रास त्याची, म्हणजे हिवाळा त्याचा. आता तू त्याला बाहेर काढलंस तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना?"

"मी कुठे काढतेय?"

"कारभारी तुझ्या दारात उभा होता ते मला माहीत नाही होय? पोस्टमनला डोळे नाहीत?" मग तिचा आवाज जरा उतरला. "तुझंही खरं आहे. लहान पोर आहे. कुठे जाशील? पण मी तरी काय सांगू? तुझ्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं."

ह्यूइनाला एखादी गोष्ट कळत नाही, हे डिनाने पहिल्यांदा ऐकलं. त्याने तिला धीर आला नाही.

जुलैत ती दोनदा गेली. एकदा म्हणाली, "घर जुनं झालंय हो, कुणालाही जड जाईल." त्या आठवड्यात वाल्डिसने दोन्ही खिडक्यांच्या चौकटी खरवडून नवा रंग दिला. दुसऱ्यांदा म्हणाली, "छपराचं काही खरं नाही." आणि रविवारी सकाळी, प्रार्थना संपून गाव चर्चबाहेर पडत होतं, काळे कोट, काळ्या टोप्या, कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं, तेव्हा बंदराकडून आवाज आला. ठक. ठक ठक.

पोर्टलारिगमध्ये रविवारी कुणी कपडे दोरीवर घालत नाही. पोरं झोपाळ्यावर बसत नाहीत. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवतात. आणि डिनाच्या घराच्या छपरावर, आभाळाच्या पुढ्यात, वाल्डिस दगडी पाट्या ठोकत बसला होता.

सगळं गाव थांबलं. मग गावाने डिनाकडे बघितलं. पाद्र्याने बायबल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"तुझं घर आज फार कामात आहे," ह्यूइना कानात म्हणाली.

कानशिलं तापलेली डिना जवळजवळ धावतच गेली. आज सांगायचंच. रागात तरी जमेल. शिडीखाली उभी राहून तिने वर हाक मारली. म्हाताऱ्याने खाली पाहिलं, त्याचं तोंड फुललं, आणि त्याने हाताने छपराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाखवलं. सगळं झालं होतं. फुटक्या पाट्या काढून नव्या, एकीवर एक, कोरड्या, नीट. घामाने त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

"रविवारी," डिना म्हणाली, "आम्ही काम करत नाही."

तो हातोडा मागे लपवत खाली उतरला, शाळकरी मुलासारखा. "माफ," तो म्हणाला. "माफ. मी... छान?"

"छान," डिना म्हणाली. "फार छान झालंय."

आणि घरी येऊन ती पोरीचे लंगोट घड्या घालत रडली. छप्पर खरंच छान झालं होतं. त्याखाली आपण राहणार, याचा तिला क्षणभर आनंद झाला होता. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की लंगोट उलटेच घडी झाले.

ऑगस्टात शेवटच्या मोसमाचे पाहुणे आले. डिना शिकारबंगल्यात चादरी बदलायला जायची. मजल्यांवर चिखल, न्हाणीघरात रक्ताचे हात पुसलेले टॉवेल. नवा मालक कुणालातरी फोनवर सांगत होता की इथले लोक फार गोड आहेत, कधी नाही म्हणत नाहीत. डिना हातात उशी घेऊन त्याच्या मागून गेली. त्याला ती दिसली नाही.

संध्याकाळी यूअनने बंदूक पुसता पुसता विचारलं, "झालं का सांगून?"

"सांगतेय."

"मे महिन्यापासून सांगतेयस."

"तू जा मग! तू मोठा बोलणारा! एवढ्या वर्षांत तू मालकाला एकदा तरी म्हणालास का की तुमचा नेम वाईट आहे?"

यूअनने बंदूक भिंतीला टेकवली. म्हणाला, "नाही म्हणालो." आणि मग, "डिना, मार्टिनमासला आपण पोरीला घेऊन कुठे जायचं? मला खरंच कळत नाहीये. तूच सांग."

तो कधी असं बोलायचा नाही. चुलीच्या उजेडात त्याचं तोंड एकदम म्हातारं दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिना निघाली. भाकऱ्या घेतल्या नाहीत. ह्यूइना भिंतीवर होती, पण डिनाचा चेहरा बघून काही बोलली नाही. दारापाशी आल्यावर डिनाचा हात कडीकडे गेला, आणि थांबला. आत गेलं की चहा. चहा झाला की हवा. हवा झाली की पुन्हा तेच. तिने मूठ वळली आणि दार वाजवलं.

आतून हालचाल थांबल्याचा आवाज आला. रूताने दार उघडलं, घाबरून. "काय झालं? आत या."

"नको." डिना उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "एवढंच सांगायचंय. यूअनचं काम सुटतंय. आमचं घर कामाबरोबरचं आहे. मार्टिनमासला आम्हाला निघावं लागतंय. आम्हाला हे घर हवंय."

रूताने दार जरा ओढून घेतलं.

"आजच कळलं?"

"नाही. मे महिन्यात."

"मे," रूता म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं. वाल्डिस मागच्या अंगणात काहीतरी रंधत होता. रंध्याचा आवाज एकसारखा येत होता. "उन्हाळाभर बाबा मला विचारतायत की बाई नाराज का आहेत. मी म्हटलं, हिवाळ्याची काळजी आहे त्यांना. त्यांनी पीट काढलं. मी म्हटलं, घर जुनं वाटतंय त्यांना. त्यांनी रंग दिला. छप्पर दुरुस्त केलं. आता दरवाजा करतायत तुमच्यासाठी, मागचा. आणि खोली..." ती थांबली. "खोली दमट असते म्हणालात तुम्ही."

"हो."

"का?"

डिनाने तोंड उघडलं. इतकी कारणं होती, आणि एकही कारण नव्हतं. "मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं," ती म्हणाली.

रूता हसली. तसं हसू डिनाने कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही वाईट बाई असतात ना, तर फार बरं झालं असतं. वाईट बाईने मे महिन्यातच सांगितलं असतं."

तिने दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं. डिना तिथेच उभी राहिली. रंध्याचा आवाज थांबला. मग रूताचा आवाज, त्यांच्या भाषेत, हळू. मग काहीच नाही. डिना ऐकत राहिली, कारण जायचं कसं ते तिला सुचत नव्हतं. थोड्या वेळाने रंधा पुन्हा सुरू झाला. म्हाताऱ्याला दरवाजा अर्धवट सोडवत नव्हता.

सप्टेंबर गेला. रूताने गावभर विचारलं. बंदरावरच्या खोलीत आता दोन पोलिश पोरगे राहत होते. उरलेली घरं उन्हाळी पाहुण्यांची होती, हिवाळाभर कुलूप लावून ठेवायची. रस्त्यात भेटली तर रूता मान हलवायची, बोलायची नाही. गावानेही डिनाला काही म्हटलं नाही. फक्त दुकानात ती आली की बोलणं हवेवर यायचं.

मग ऑक्टोबरच्या एका ओल्या दुपारी रूता इस्टेटीच्या घरी आली. तिने दार वाजवलं नाही. कडी उचलून आत आली आणि चुलीपाशी बसली. डिनाने न विचारता चहा ठेवला. रूता हवेबद्दल बोलली. पोरीला दात किती आले ते विचारलं. पोर तिच्या मांडीवर चढली, तिच्या चिरलेल्या बोटाला चावली, दोघी हसल्या.

"मला फ्रेझरबर्गला काम मिळालंय," रूता म्हणाली. "मोठा कारखाना आहे. बायकांना राहायला देतात. एका खोलीत चौघी."

"आणि बाबा?"

रूता कपात बघत राहिली. "बाबा म्हणतात, परत गावी जातो. पण गावी कुणी नाही. घर विकलं ते इकडे येण्यासाठी." तिने चहाचा घोट घेतला. "त्यांचा गुडघा थंडीत फार दुखतो. त्यांना बीट लागतं जेवणात. बाकी काही लागत नाही. वरची मागची खोली त्यांना आवडते, पण त्यांना कुठलीही चालते."

बाहेर पाऊस पन्हाळीतून गळत होता. ती अजून दुरुस्त झाली नव्हती. डिना ऐकत होती आणि शेवटचं पाऊल तिच्यापुढे ठेवलेलं तिला दिसत होतं, अगदी आईने, आत्याने ठेवलं असतं तसं.

"तुम्ही मला मागताय का काही?" तिने विचारलं.

"मी कुठे मागतेय," रूता म्हणाली. "तुमच्या गावात मागत नाहीत ना."

त्यात टोमणा होता. तो पुरता बसला. पण कपावरची रूताची बोटं पांढरी पडली होती.

"यूअनला विचारते," डिना म्हणाली. लगेच तिला वाटलं, हे पुन्हा तेच. "नाही. विचारत नाही. राहू देत त्यांना. वरची मागची खोली."

रूताने मान हलवली. आभार मानले नाहीत. तिने आभार मानावेत असं डिनाला वाटत होतं की मानू नयेत असं वाटत होतं, हे डिनाला उमगलं नाही.

मार्टिनमासच्या आधीच्या आठवड्यात यूअनने ट्रॅक्टरमागे सामान लादलं. आत्याच्या स्वयंपाकघरात दोन टेबलं झाली, दोन किटल्या झाल्या. वाल्डिसने आपल्या किटलीकडे बघितलं, डिनाच्या किटलीकडे बघितलं, आणि आपली फळीवर मागे ठेवली. डिनाने ती पुन्हा पुढे आणली. यूअन ताट हातात घेऊन उभा होता, कुठल्या टेबलाशी बसायचं ते न कळून.

रूताची बस सकाळची होती. इन्व्हर्नेसपर्यंत जाणारी, पुढे दुसरी. सगळे बंदरावर उभे होते. वारा असा होता की बोललेलं तोंडातच परत जात होतं. वाल्डिसने लेकीची पिशवी वर ठेवली, तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं, जणू ती पोरीएवढी आहे. मग बाजूला होऊन समुद्राकडे बघत उभा राहिला. त्याचे खांदे वर चढले होते.

बस सुरू झाली. रूताने खिडकी खाली ओढली.

"डिना." तिने पहिल्यांदा नाव घेतलं. "सरळ सांगा. बाबा राहतील ना?"

"राहतील."

"कधीपर्यंत?"

बघू या, हे डिनाच्या ओठांवर आलं होतं. हिवाळा जाऊ दे, मग बघू. ते तिने गिळलं. पोर तिच्या कडेवर जड झाली होती, नाक तिच्या मानेत खुपसत होती.

"ते आहेत तोवर," ती ओरडली, वाऱ्यावरून. "त्यांचं घर आहे म्हणून सांगा त्यांना. तुमच्या भाषेत सांगा."

रूताने सांगितलं का, ते कळलं नाही. बस वळणावर गेली. वाल्डिस तिथेच उभा राहिला. मग वळला आणि घराच्या दिशेने चालू लागला, गुडघा जरा ओढत, कुणाची वाट न बघता.

यूअनने टोपी कानांवर ओढली. "काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणाले ते माझं मलाच नीट कळलं नाही," डिना म्हणाली. "पण म्हणाले खरी."

यूअनने एकदा तिच्याकडे, एकदा पुढे चाललेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग पोरीला तिच्याकडून घेतलं, कारण रस्ता चढाचा होता.